मार्गदर्शकाचा पत्ता

१९२९ च्या जानेवारीत मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील अठरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने केंब्रिजला एक शोधनिबंध टपालाने पाठवला. पाकिटावर नाव होते राल्फ फाउलर यांचे. दोघांची कधी भेट झालेली नव्हती. फाउलर यांनी निबंध वाचला, काही दुरुस्त्या सुचवल्या आणि त्याच वर्षी तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये छापून आला. पुढच्या वर्षी, ३१ जुलै १९३० रोजी, तो विद्यार्थी मुंबईहून बोटीने निघाला आणि फाउलर यांच्याच हाताखाली पीएच.डी. करू लागला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या आयुष्यातील हा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. पण आपल्याकडे तो ‘हुशार मुलाची हुशारी’ म्हणून सांगितला जातो. मला त्यातील पाकिटावरच्या पत्त्याचे कुतूहल अधिक आहे. मद्रासमधल्या त्या मुलाने फाउलर यांचेच नाव का लिहिले?

त्याआधीच्या वर्षी, १९२८ मध्ये, आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला आले होते. चंद्रशेखर त्यांना जाऊन भेटले. सोमरफेल्ड यांचा अणुरचनेवरील ग्रंथ त्यांनी स्वतःच्या बळावर वाचून काढलेला होता आणि त्याचे थोडे कौतुक होईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. सोमरफेल्ड यांनी सांगितले की त्या ग्रंथातले भौतिकशास्त्र आता जुने झाले, मधल्या काही वर्षांत सारे बदलले आहे. मग धातूंतील इलेक्ट्रॉनांवरील आपल्या अप्रकाशित लेखाची मुद्रिते त्यांनी या मुलाच्या हाती ठेवली. त्यातून चंद्रशेखर यांना फर्मी–डिरॅक सांख्यिकी कळली, आणि काही महिन्यांत त्यांनी ती कॉम्प्टन विकिरणाच्या प्रश्नाला लावून पाहिली. फाउलर यांनी १९२६ मध्ये हीच सांख्यिकी श्वेत बटू ताऱ्यांना लावली होती. म्हणजे आपण जे लिहिले ते ज्याला ओळीओळीने समजेल, असा वाचक त्या मुलाने शोधला. मानमरातब, कीर्ती, विद्यापीठाचे नाव यांपैकी कशाचाही आधार न घेता प्रश्नाच्या वाटेने तो एका माणसापर्यंत पोहोचला.

ही गोष्ट आज लिहायला घेतली त्याला कारण आहे. जेस्ट, नेट, गेट यांचे निकाल लागले आणि संस्थांच्या मुलाखती सुरू झाल्या की महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचे संदेश मला येऊ लागतात. कोणी नांदेडहून लिहितो, कोणी रत्नागिरीहून. मी चेन्नईत पीएच.डी. केली आणि आज इथेच संशोधक म्हणून काम करते, एवढाच माझा अधिकार. प्रश्न बहुधा एकच असतो: ‘मॅडम, अमुक सर फार मोठे आहेत, त्यांच्याकडे मिळत असेल तर घ्यावे ना?’ चार ओळींत याचे उत्तर देता येत नाही. म्हणून हे लांबलचक टिपण.

‘मोठे’ या शब्दापासूनच सुरुवात करू. फाउलर मोठे होतेच. डिरॅक त्यांचे विद्यार्थी, नेव्हिल मॉट त्यांच्याच परिवारातले. पण मोठ्या माणसाला मागण्याही पुष्कळ असतात. केंब्रिजला पोहोचल्यावर चंद्रशेखर यांनी फाउलर यांच्या हाती दोन निबंध ठेवले. एक फाउलर यांना पसंत पडला आणि तो छापण्यासाठी गेला. दुसऱ्यात श्वेत बटू ताऱ्याच्या वस्तुमानाला एक कमाल मर्यादा असते, असा निष्कर्ष होता. आज जिला आपण ‘चंद्रशेखर मर्यादा’ म्हणतो, तीच ही. तो निबंध फाउलर यांनी मिल्न यांच्याकडे मतासाठी पाठवला, आणि महिन्यांमागून महिने गेले. अखेर चंद्रशेखर यांनी तो स्वतःच अमेरिकेतल्या ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे रवाना केला. १९३१ मध्ये तो अवघ्या दोन पानांत छापून आला. पुढे नोबेल पारितोषिकापर्यंत नेणारे काम मार्गदर्शकाच्या टेबलावरून पुढे सरकत नव्हते, ही बाब विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. यात फाउलर यांचा दुष्टपणा मुळीच नव्हता. त्यांना त्या निष्कर्षाची खात्री वाटत नसावी, आणि वेळही नसावा. मार्गदर्शकांच्या हातून होणारे नुकसान पुष्कळदा असेच, कोणाचाही वाईट हेतू नसताना होते.

मग चंद्रशेखर तरले कसे? त्यांच्या अवतीभवती आणखी माणसे होती. मॅक्स बॉर्न यांच्या निमंत्रणावरून १९३१ चा उन्हाळा त्यांनी ग्यॉटिंगेनला काढला. डिरॅक यांच्या सल्ल्याने तिसरे वर्ष कोपनहेगनला, बोर यांच्या संस्थेत घालवले. १९३३ मध्ये पदवी मिळाली. कागदोपत्री मार्गदर्शक एक. प्रत्यक्षात आधार देणारे तीन-चार. मला तर वाटते की मार्गदर्शक निवडताना त्या व्यक्तीइतकेच तिच्या खोलीबाहेरचा व्हरांडा पाहावा. तिथे कोण बसते, कोणाची दारे उघडी असतात, सर परगावी असताना अडलेला विद्यार्थी कोणाच्या फळ्यापाशी जाऊन उभा राहतो.

आपल्या कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांचेही उदाहरण इथे आठवते. त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉइल हेही सतत बाहेर असत. १९६१ च्या फेब्रुवारीत मार्टिन राइल यांच्या निरीक्षणांनी स्थिर स्थिती सिद्धांत मोडीत निघाल्याचा गाजावाजा झाला, तेव्हा रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत उत्तर द्यायला हॉइल यांनी पहिल्याच वर्षाला असलेल्या नारळीकरांना उभे केले. हॉइल त्या दिवशी दुसरीकडे गुंतलेले होते. हीदेखील अनुपस्थितीच, पण तिच्यामागे तयारी होती, विश्वास होता. मार्गदर्शक भेटत नाही, या एकाच तक्रारीचे असे दोन निरनिराळे अर्थ असू शकतात. गंमत अशी की हॉइल स्वतः विद्यार्थी असताना त्यांचे मार्गदर्शक डिरॅक होते. विद्यार्थी नको असलेला मार्गदर्शक आणि मार्गदर्शक नको असलेला विद्यार्थी अशी ती जोडी होती म्हणतात. हॉइल यांनी पीएच.डी.ची पदवी कधी घेतलीच नाही. अपवादाने नियम ठरत नाही, हे खरे. पण अपवाद मजेदार असतात.

आता माझ्या अनुभवाकडे येते. मी इस्लामपूरची. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. पुण्यात एम.एस्सी. झाल्यावर २०१२ च्या जुलैत चेन्नईला आले. निघताना वडिलांनी एकच विचारले, ‘‘बाळ, हे किती वर्षांचे काम?’’ मी पाच म्हणाले. पाच हा आकडा छात्रवृत्तीच्या नियमांतला होता; कामाला किती लागतील, हे कोणीच सांगू शकत नव्हते.

आमच्याकडे पहिले वर्ष अभ्यासक्रमाचे असे आणि त्यानंतर मार्गदर्शक निवडायचा असे. ही पद्धत मला आजही योग्य वाटते. वर्षभरात माणसे वर्गात दिसतात, चर्चासत्रांत प्रश्न विचारताना दिसतात आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्वतःची चूक कोणी दाखवली तर त्यांचा चेहरा कसा होतो तेही दिसते. ज्या विद्यापीठांत प्रवेशाच्याच दिवशी रिक्त जागा पाहून मार्गदर्शक ठरतो, तिथल्या विद्यार्थ्याला हे वर्ष मिळत नाही. त्याने ते मुलाखतीपूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत, जमेल तितके, स्वतः उभे करावे.

मी तिघांना भेटले. पहिले प्राध्यापक नामांकित होते. त्यांच्या गटात तेव्हा अकरा जण होते. मी विचारले, ‘‘सर, विद्यार्थ्यांना आपण साधारण किती दिवसांनी भेटता?’’ ते हसून म्हणाले, ‘‘चांगल्या विद्यार्थ्याला भेटावे लागत नाही.’’ तेव्हा हे वाक्य मला भारदस्त वाटले. संध्याकाळी मेसमध्ये त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या शेजारी बसून तोच प्रश्न त्याला विचारला. त्याने रसमची वाटी संपवली, इकडेतिकडे पाहिले आणि विषय बदलला. तो सातव्या वर्षाला होता. दुसरे प्राध्यापक आपुलकीने बोलले, कॉफी मागवली आणि पहिल्या पंधरा मिनिटांत माझ्या लग्नाचे काय ठरले आहे याची चौकशी केली. माझ्याबरोबरच्या मुलांनाही हा प्रश्न विचारला का, असे मी नंतर त्यांना विचारून पाहिले. कोणालाही विचारला नव्हता.

तिसरे नुकतेच रुजू झालेले, मितभाषी, एकच विद्यार्थी असलेले. त्यांनी मला एक छापील निबंध दिला आणि दोन आठवड्यांनी यायला सांगितले. मी आठ पाने टिपणे काढून नेली. त्यांनी ती माझ्यासमोर बसून वाचली. दुसऱ्या पानावर पेन्सिलीने एक गोल केला आणि म्हणाले, ‘‘ही पायरी कशी आली?’’ ती पायरी मूळ निबंधातच गृहीत धरलेली होती. तासभर आम्ही दोघे फळ्यापाशी होतो आणि तासाच्या शेवटी ती पायरी त्यांनाही सुटलेली नव्हती. ‘‘मलाही येत नाही, उद्या पाहू,’’ असे ते सहज म्हणाले. माझा निर्णय तिथेच झाला. त्यांना कळत नव्हते, आणि कळत नाही हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीसमोर बोलून दाखवण्यात त्यांना काही वाटत नव्हते. पुढच्या वर्षांत माझी अनेक गणिते चुकली. ती लपवून ठेवावीत असे मला कधी वाटले नाही, त्याचे मूळ त्या दुपारी होते.

आणखी एक आठवण सांगते. तिचा भौतिकशास्त्राशी संबंध नाही. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत महापूर आला. वीज गेली, फोन बंद पडले, अड्यार नदीच्या काठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरू लागल्यावर सर गुडघाभर चिखल तुडवत वसतिगृहात आले, मेणबत्त्या आणि बिस्किटांचे पुडे घेऊन. आपल्या दोघा विद्यार्थ्यांची चौकशी झाल्यावर ते त्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीशी थांबले. प्रबंधाचा विषय त्यांनी काढला नाही. पुढचे तीन आठवडेही काढला नाही.

पहिल्या, नामांकित प्राध्यापकांकडे माझ्याच तुकडीतला एक मित्र गेला. आमच्यात सर्वांत तल्लख तोच होता. दुरून डोंगर साजरे असतात हे खरे, पण त्याच गटातून बाहेर पडलेले दोघे आज उत्तम संस्थांत प्राध्यापक आहेत, हेही सांगायला हवे. त्यांना कोणी मागे लागलेले नको होते. एक दिशा, एक शिफारसपत्र आणि मोकळे रान मिळाले की ते धावत. माझ्या मित्राला बोलत बोलत विचार करायची सवय होती. त्याला समोर माणूस लागे. वर्षातून तीन-चार भेटी, त्याही विमानतळावर जाण्याच्या गडबडीत. चौथ्या वर्षाअखेर त्याच्याकडे तीन अर्धवट हस्तलिखिते होती आणि एकही पूर्ण निबंध नव्हता. पाचव्या वर्षी छात्रवृत्ती थांबली. दिवाळीला घरी गेला तो परतलाच नाही. आज तो बंगळूरला एका कंपनीत विदा-विश्लेषण करतो, त्याचे चांगले चालले आहे आणि तो भौतिकशास्त्राविषयी बोलत नाही. त्या हस्तलिखितांपैकी एकात मांडलेली कल्पना पुढे दुसऱ्या देशातल्या गटाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. मी त्याला तो दुवा पाठवला नाही.

म्हणून ‘चांगला मार्गदर्शक कोणता’ या प्रश्नाला स्वतःपुरते उत्तर द्यायचे असेल तर आधी स्वतःची काम करण्याची रीत ओळखावी लागते. मला दर आठवड्याला कोणी विचारले तर बरे वाटते की गुदमरायला होते? अडल्यावर मी पुस्तकाकडे जाते की माणसाकडे? एम.एस्सी.च्या प्रकल्पात याचे पुरेसे पुरावे मिळालेले असतात. आपण ते पाहत नाही एवढेच.

मार्गदर्शकाबद्दलचे पुरावेही उघड्यावर पडलेले असतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार आहे. देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे कोणालाही वाचता येतात. आपल्याला ज्यांच्याकडे जायचे आहे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तिथे, किंवा संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, शोधावेत. निष्कर्ष नंतर वाचले तरी चालतील, ऋणनिर्देश आधी वाचावा. मार्गदर्शकाविषयीचे वाक्य साच्यातले आहे की त्यात एखादा प्रसंग आहे, हे लगेच ओळखू येते. प्रवेशाचे वर्ष आणि प्रबंध सादर केल्याचे वर्ष यांतले अंतर मोजावे. मग आर्काइव्हवर गेल्या पाच वर्षांतले निबंध काढावेत: विद्यार्थ्यांची नावे कितींवर आहेत, एकाच विद्यार्थ्याचे नाव पहिल्यांदा कोणत्या वर्षी दिसते आणि शेवटचे कोणत्या वर्षी. पहिला लेखक कोण, या निकषाबाबत मात्र सावध राहावे. प्रायोगिक शाखांत त्याला अर्थ असतो. सैद्धांतिक उच्च-ऊर्जा भौतिकीत नावे सहसा वर्णक्रमाने लावतात, तिथे पहिले नाव असणे म्हणजे आडनाव ‘ए’ने सुरू होणे, इतकेच. आणि जे विद्यार्थी मधेच सोडून गेले त्यांची नावे यात कुठेच सापडणार नाहीत. ती मेसमध्ये, चहाच्या टपरीवर विचारावी लागतात. सोडून गेलेल्या एकाशी तरी बोलल्याशिवाय होकार देऊ नये, असे माझे मत आहे. तो कडवटपणे बोलेल. त्यातला कडवटपणा वजा करून उरलेले ऐकावे.

नियमही माहीत असावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षे, अधिक काही सवलती. आयआयटींसारख्या संस्थांचे नियम वेगळे असतात. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ च्या जानेवारीपासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली. प्रकल्पाच्या निधीतून वेतन मिळणार असेल तर तो प्रकल्प कोणत्या वर्षी संपतो, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. घरी पैसे पाठवावे लागणाऱ्या विद्यार्थ्याने तर ते विचारलेच पाहिजे. मुलाखतीत ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे म्हणतात तेव्हा ते विचारण्यासाठीच असते.

मुलींसाठी थोडे अधिक लिहिते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिली आलेली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली तेव्हा सी. व्ही. रामन यांनी ती स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. तिने हटून तो मिळवला, तोही एक वर्ष परीक्षेवर राहण्याच्या अटीवर. तिथे श्रीनिवासय्या यांच्याकडे ती शिकली आणि मग केंब्रिजला गेली. केंब्रिजमध्ये तिचे मार्गदर्शक डेरेक रिक्टर मधेच दुसरीकडे गेले. ती रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागली आणि वनस्पतींतील सायटोक्रोम सी या प्रथिनाचे तिचे महत्त्वाचे काम तिथे झाले. १९३९ मध्ये पदवी मिळाली. मार्गदर्शक बदलणे म्हणजे वाया जाणे नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण मराठी विद्यार्थ्यांना शोधायला नको.

अ‍ॅना मणी यांची कथा मात्र मला अस्वस्थ करते, कारण ती या शहराची आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातूनच त्यांनी १९३९ मध्ये पदवी घेतली आणि त्या रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे आणि माणके यांच्या वर्णपटांवर त्यांनी काम केले. एकेक छायाचित्र घ्यायला पंधरा-वीस तास लागत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच निबंध एकटीच्या नावाने प्रसिद्ध झाले. १९४५ मध्ये त्यांनी प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. देशातल्या सर्वांत विख्यात भौतिकशास्त्रज्ञाकडे काम, पाच निबंध, पूर्ण प्रबंध, आणि तरी पदवी नाही. पुढे त्या पुण्याच्या वेधशाळेत आल्या आणि देशाची हवामान-उपकरणे घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पदवीवाचून त्यांचे अडले नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. ते म्हणण्याचा अधिकार त्यांचा होता, आपला नाही. नोंदणी झाली का, पात्रता तपासली का, समितीच्या बैठकांची इतिवृत्ते नोंदली जातात का, या रुक्ष गोष्टी मार्गदर्शकाने पाहायच्या असतात. तो पाहत नसेल तर विद्यार्थ्याने पाहाव्यात. पहिल्या भेटीत विज्ञानावर तासभर बोलणारा आणि अर्जावर सही करायला महिना लावणारा मार्गदर्शक मी पाहिला आहे.

बदलाविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. अनेक ठिकाणी मार्गदर्शक बदलायचा तर जुन्या मार्गदर्शकाचे ‘ना हरकत’ पत्र लागते. ज्याच्याशी जमत नाही त्याचीच परवानगी आणायची! व्यवहारात याचा अर्थ असा की विद्यार्थी दुसऱ्या वर्षी बोलायचे ते पाचव्या वर्षी बोलतो. माझ्या मित्राला एका दुसऱ्या प्राध्यापकांनी ‘ये माझ्याकडे’ असे म्हटले होते. तो कागद कोणाकडे मागायचा या विचारात एक सत्र गेले, मग आणखी एक. हे पत्र विभागप्रमुखाने किंवा सल्लागार समितीने द्यावे, आणि पहिल्या दोन वर्षांत कारण न विचारता द्यावे, असा प्रस्ताव मी आमच्या बैठकीत मांडला आहे. त्यावर ‘शिस्त बिघडेल’ असा आक्षेप आला. कोणाची, हे मी विचारले. उत्तर पुढील बैठकीवर गेले.

याच शहरातल्या अल्लादी रामकृष्णन यांनी आधी भाभांबरोबर वैश्विक किरणांच्या वर्षावांवर काम केले. त्यांचा प्रश्न हळूहळू संभाव्यतेचा झाला, तेव्हा ते मँचेस्टरला मॉरिस बार्टलेट या संख्याशास्त्रज्ञाकडे गेले आणि तिथे त्यांनी पीएच.डी. केली. प्रश्नाने कूस बदलली तेव्हा मार्गदर्शकही बदलला, आणि त्यात कोणाचा अपमान झाला नाही. पुढे ३ जानेवारी १९६२ रोजी त्यांनी इथे गणिती विज्ञान संस्था सुरू केली. तरमणीच्या त्या संस्थेच्या ग्रंथालयात आजही बाहेरगावचे विद्यार्थी मार्गदर्शक शोधायला येऊन बसलेले दिसतात.

यंदापासून मला स्वतःचे विद्यार्थी घेता येतात. टेबलाच्या या बाजूने पाहिल्यावर काही गोष्टी निराळ्या दिसतात, हे मान्य करते. येणाऱ्या पत्रांतील बहुतेक एकाच मजकुराची असतात. ‘आदरणीय महोदय’ असा मायना आणि खाली माझ्या कामाविषयी एक अक्षर नाही. ज्याने माझा एक तरी निबंध वाचून त्यातल्या एखाद्या समीकरणावर शंका काढली आहे, त्याला मी त्याच दिवशी उत्तर लिहिते. शंका चुकीची असली तरी. वेळ कमी पडतो हेही खरे. माझ्या सरांना तो कुठून मिळत असे, हे मला अजून कळलेले नाही.

गेल्या महिन्यात तिघे जण भेटायला आले. माझ्याकडे अजून जुने विद्यार्थी नाहीत. म्हणून ज्यांनी माझ्याबरोबर उन्हाळी प्रकल्प केले त्या चौघांचे क्रमांक, त्यांना विचारून, मी या तिघांना दिले आणि माझ्याविषयी काय विचारायचे ते विचारा म्हणून सांगितले. एकाने फोन केलाच नाही. दुसऱ्या मुलीने चौघांनाही केला, आणि तिचे एक पानभर प्रश्न घेऊन ती सोमवारी पुन्हा येते आहे. तिसऱ्याने दोघांशी बोलून मला कळवले की त्याला प्रयोगशाळेत हाताने काम करायला आवडते आणि माझ्याकडे तसे काही नाही, तेव्हा तो शेजारच्या इमारतीतल्या गटाकडे जातो आहे. मी त्याला तिथल्या मॅडमचा पत्ता लिहून दिला.